एक आकाश, दोन संक्रांती

मकर संक्रांत किती तारखेला येते, असा प्रश्न वर्गात विचारला तर 'चौदा जानेवारी' हे उत्तर एकमुखाने येते. एखादा चौकस विद्यार्थी 'कधी कधी पंधरालाही' अशी पुस्ती जोडतो. पण त्याच वर्गात टिळक पंचांग पाळणाऱ्या घरातले मूल बसले असेल, तर त्याच्या घरी तिळगूळ चार दिवस आधीच, म्हणजे दहा जानेवारीच्या सुमारास, वाटून झालेला असतो. संक्रांतीच्या बाबतीत हा फरक चार दिवसांवर भागतो. गणपतीच्या बाबतीत तो कधी कधी चक्क महिन्यावर जातो. २०२३ साली महाराष्ट्रात बहुतेकांचे गणपती १९ सप्टेंबरला बसले. टिळक पंचांग मानणाऱ्यांचे २० ऑगस्टलाच बसले होते. २०१२ सालीही असेच घडले होते.

सूर्य एकच, चंद्र एकच. दोन्ही पंचांगे आधुनिक गणिताने सिद्ध केलेली. मग हा फरक येतो कोठून? दोघांपैकी एकाचे गणित चुकले, असे उत्तर पटकन सुचते. पण ते खरे नाही. या प्रश्नाचा पाठपुरावा केला, की खगोलशास्त्रातील बऱ्याचशा प्राथमिक संज्ञा आपोआप वाटेत भेटतात. पाठ्यपुस्तकात त्या व्याख्या म्हणून येतात आणि व्याख्या म्हणूनच विसरल्या जातात. शंभर वर्षांपूर्वी याच संज्ञांवरून महाराष्ट्रातील विद्वान परिषदा भरवून भांडत होते आणि त्यांपैकी एक परिषद सांगलीला भरली होती.

आधी थोडी तोंडओळख करून घेऊ. पृथ्वीभोवती एक प्रचंड पोकळ गोल आहे आणि तारे त्याच्या आतल्या बाजूला जडवलेले आहेत, अशी कल्पना करा. हा झाला खगोल. पृथ्वीचे विषुववृत्त सर्व बाजूंनी वाढवत नेले तर ते या गोलाला ज्या वर्तुळात कापेल, ते खगोलीय विषुववृत्त. सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या वाटेने सरकताना दिसतो, ती वाट म्हणजे क्रांतिवृत्त. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे ही दोन वर्तुळे एकमेकांवर बसत नाहीत. दोन ठिकाणी छेदतात. या छेदनबिंदूंना संपात म्हणतात. २१ मार्चच्या सुमारास सूर्य ज्या संपाती येतो तो वसंतसंपात, सप्टेंबरमधला शरदसंपात.

क्रांतिवृत्तावर एखादा ग्रह कोठे आहे हे सांगायचे तर कोठून तरी अंश मोजायला सुरुवात करावी लागते. वर्तुळाला स्वतःचे टोक नसते. जेथून मोजायचे तो आरंभबिंदू, आणि तेथून मोजलेले अंश म्हणजे त्या ग्रहाचा भोग. आरंभबिंदू वसंतसंपाती धरला तर मोजणी सायन. ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर अशा एखाद्या बिंदूवर धरला तर निरयन. साऱ्या वादाचे बीज एवढेच आहे.

दोन मोजण्या लागल्या, कारण संपात जागचा हलतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या दांड्यासारखा अतिशय सावकाश घुमतो आणि त्यामुळे संपात क्रांतिवृत्तावर दरवर्षी सुमारे सव्वापन्नास विकला मागे, म्हणजे पश्चिमेकडे, सरकतो. विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. एक अंश सरकायला सुमारे ७२ वर्षे लागतात. पुरी फेरी सुमारे २५,८०० वर्षांची. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने ही गती ओळखली, ती जुन्या नोंदींशी ताऱ्याची जागा ताडून. त्याने वापरलेला तारा आपल्याला ओळखीचा आहे; तो म्हणजे चित्रा. पुढे आपल्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

निरयन आरंभबिंदू आणि वसंतसंपात यांच्यामधील अंतराला अयनांश म्हणतात. हा शब्द पंचांगाच्या पहिल्या पानांत हटकून छापलेला असतो आणि सहसा कोणी वाचत नाही. आज महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगांत अयनांश २४ च्या आसपास असतो. टिळक पंचांगात तो २० च्या जवळपास असतो. फरक चार अंशांचा. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून संक्रांतीत फरक चार दिवसांचा. कोडे येथेच अर्धे सुटले. उरलेले अर्धे असे, की आरंभबिंदू कोठे धरायचा यावर शहाण्या माणसांचे एकमत का झाले नाही?

त्यासाठी जरा मागे जायला हवे. महाराष्ट्रात जवळजवळ चारशे वर्षे पंचांगे तयार होत ती गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून. कोकणातील नांदगावच्या या विद्वानाने शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० हे वर्ष आरंभाला धरून तो रचला. ज्या-कोज्यांची कटकट टाळून केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराने ग्रहांची स्थाने काढता यावीत, अशी त्याची रचना आहे. कागदाचा तुटवडा आणि गावोगाव पंचांग करणारे जोशी, असा तो काळ लक्षात घेतला तर या ग्रंथाची थोरवी कळते. आजच्या भाषेत तो एक उत्तम 'रेडी रेकनर' होता. पण कोणतीही सोपी कोष्टके काळ लोटला की आकाशापासून ढळू लागतात. एकोणिसाव्या शतकापर्यंत गणिताने आलेली स्थाने आणि डोळ्यांना दिसणारी स्थाने यांत लक्षात येण्याइतके अंतर पडले होते.

हे अंतर मिटवण्याचा मराठीतला पहिला मोठा प्रयत्न केरो लक्ष्मण छत्रे यांचा. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक काढले आणि शके १७८७ म्हणजे १८६५ पासून त्यांच्या गणिताचे पंचांग छापले जाऊ लागले. आश्रयदात्याच्या नावावरून लोक त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. त्याचे गणित दर्यावर्दी लोकांसाठी इंग्लंडात छापल्या जाणाऱ्या नॉटिकल आल्मनॅकशी जुळणारे होते. साहजिकच 'म्लेंच्छांचे गणित' म्हणून ओरड झाली.

ही ओरड केवळ आंधळी होती असे मात्र आम्हांला वाटत नाही. तिच्यामागे एक व्यावहारिक अडचण होती. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश जाण्याचा काळ. चंद्राची गती कमीजास्त होत असल्यामुळे प्रत्येक तिथी सारख्या लांबीची नसते. जुन्या गणितात चंद्राच्या गतीतील फक्त मुख्य फरक धरलेला असल्यामुळे तिथी फार तर ६५ घटिकांपर्यंत वाढे आणि फार तर ५४ घटिकांपर्यंत घटे. (साठ घटिकांचा दिवस, एक घटिका २४ मिनिटांची.) 'बाणवृद्धी रसक्षय' हा नियम यातूनच आला. साठावर पाचाची वाढ आणि साठातून सहाची घट. संस्कृत संख्यासंकेतात बाण पाच आणि रस सहा. श्राद्ध कोणत्या दिवशी, एकादशी कोणत्या दिवशी, हे ठरवणारे धर्मशास्त्राचे निर्णय ही मर्यादा गृहीत धरून झालेले. प्रत्यक्षात चंद्राची तिथी जवळजवळ २० तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत कोठेही असू शकते. म्हणजे खरे गणित घेतले की धर्मशास्त्राची चौकट मोडते, आणि चौकट जपली की आकाश खोटे ठरवावे लागते. ज्याच्या घरी वडिलांच्या श्राद्धाची तिथी येऊन ठेपली आहे, त्याच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी नव्हता.

यातील एक भाग सोडवायला आकाशच धावून आले. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दक्षिण महाराष्ट्राला लागून असलेल्या मुलखातून गेला. पटवर्धनांच्याच जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल (युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू) वर्णपटदर्शक घेऊन आला होता, आणि सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे त्याला वर्णपटातील तेजस्वी रेषांवरून समजले. तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, पौषी अमावास्येला भर दुपारी दुसरे खग्रास ग्रहण झाले. या वेळी नॉर्मन लॉकियर कोकणात विजयदुर्गावर होता. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला तळ देऊन बसले होते. नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर यांना जोडणारी सरळ रेषा ओढून पाहा. ती जवळजवळ कऱ्हाडवरून जाते. त्या वेळच्या सातारा जिल्ह्याच्या मध्यातून भरदुपारी सुमारे दोन मिनिटांची रात्र सरकत गेली. (आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच मोडत असे. १९४९ साली 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.)

ग्रहण ही पंचांगाची उघड्यावरची परीक्षा असते. अमावास्या संपण्याचा क्षण एरवी कोणाला दिसत नाही. ग्रहणात तो दिसतो. कोणत्या गणिताने वेळ बरोबर सांगितली हे बाजारपेठेतला माणूसही काजळी धरलेल्या काचेतून पाहून सांगू शकतो. ('दृक्प्रत्यय' हा जुना शब्द यासाठीच आहे. काजळीच्या काचा मात्र आज विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत. त्या डोळ्यांना सुरक्षित नाहीत.) गणित दृक्प्रत्ययी असले पाहिजे, म्हणजे आकाशाशी जुळले पाहिजे, हे मत हळूहळू रुजले त्यात अशा ग्रहणांचा वाटा मोठा आहे.

पण ग्रहणाने आरंभबिंदूचा वाद मात्र सुटत नाही, आणि सुटणे शक्यही नाही. हा मुद्दा वर्गात आवर्जून समजावून द्यावा असा आहे. तिथी ठरते चंद्र आणि सूर्य यांच्या भोगांतील वजाबाकीवरून. पुणे-मिरज लोहमार्गावर कऱ्हाड आणि सांगली या स्थानकांमधील अंतर काढायचे आहे. तुम्ही मैल पुण्यापासून मोजा किंवा मुंबईपासून मोजा, वजाबाकी तीच येणार. आरंभबिंदू चार अंश इकडे सरकवला तर सूर्याचा भोग चार अंशांनी बदलतो, चंद्राचाही तितकाच बदलतो, तिथी जशीच्या तशी राहते. म्हणून टिळक पंचांग आणि इतर शुद्ध पंचांगे यांच्यात चतुर्थीबद्दल मतभेद नसतो. चतुर्थी तीच, ती कोणत्या महिन्याची, यावर मतभेद असतो.

कारण महिन्याचे नाव ठरते सूर्याच्या राशीवरून. आरंभबिंदूपासून क्रांतिवृत्ताचे तीस-तीस अंशांचे बारा भाग म्हणजे राशी, आणि १३ अंश २० कलांचे सत्तावीस भाग म्हणजे नक्षत्रे. सूर्याने एका राशीतून दुसरीत जाणे म्हणजे संक्रांती. अशा संक्रांती वर्षात बारा असतात, तिळगुळाची फक्त एक. ज्या चांद्र महिन्यात सूर्य मेषेत जातो तो चैत्र, वृषभेत जातो तो वैशाख, याप्रमाणे सिंहेत जातो तो श्रावण, कन्येत जातो तो भाद्रपद. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा आणि सूर्याला एक राशी ओलांडायला सरासरी साडेतीस दिवस लागतात. म्हणून कधी तरी एक चांद्र महिना असा येतो की त्यात एकही संक्रांत होत नाही. तो अधिक महिना. सरासरीने साडेबत्तीस महिन्यांनी एकदा.

आता २०२३ चे कोडे सोडवता येईल. त्या वर्षी १७ जुलै आणि १६ ऑगस्ट या दोन अमावास्यांच्या मध्ये प्रचलित पंचांगाप्रमाणे एकही संक्रांत नव्हती. सूर्य सिंहेत गेला तो १७ ऑगस्टला, एका दिवसाने हुकला. म्हणून तो महिना अधिक श्रावण. टिळक पंचांगाची सिंह संक्रांत चार दिवस आधी, १३ ऑगस्टच्या सुमारास झाली, ती याच महिन्यात पडली. म्हणून त्यांचा तो निज श्रावण, आणि पुढचा सरळ भाद्रपद. एका दिवसाने हुकलेली संक्रांत गणपतीला महिनाभर पुढे ढकलते! हे उदाहरण फळ्यावर दोन आडव्या रेघा ओढून, एकीवर अमावास्या आणि दुसरीवर संक्रांती मांडून दाखवले तर आठवीच्या मुलांनाही समजते.

सांगलीच्या संमेलनात नेमका हाच आरंभबिंदू ऐरणीवर होता. या विषयावरच्या परिषदांची मालिका १९०४ साली मुंबईत सुरू झाली. १९१७ साली पुण्यात परिषद भरली. आणि लोकमान्य टिळकांच्या अखेरच्या काळात, चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत, सांगलीला ज्योतिष संमेलन झाले. 'ज्योतिष' हा शब्द वाचून आजचा वाचक बिचकेल. त्या काळी आणि त्याआधी हजार वर्षे ज्योतिष म्हणजे आधी गणित. फलज्योतिष हा त्याचा एक फाटा. वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशानेही खगोलीय विषयांसाठी 'ज्योतिषशास्त्र' हाच शब्द ठेवला आहे.

टिळक या वादात केवळ पुढारी म्हणून नव्हते. ते केरूनाना छत्र्यांचे विद्यार्थी. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओरायन' या ग्रंथात त्यांनी वसंतसंपात मृगशीर्षात असतानाच्या काळावरून वेदांचा काळ काढण्याचा प्रयत्न केला होता. त्या कालनिर्णयावर मतभेद होऊ शकतात. संपातचलनाचे गणित मात्र त्यांच्या हातात मुरलेले होते. आरंभबिंदूबाबत त्यांनी गुरूचाच पक्ष घेतला. रेवती नक्षत्रातला एक तारा, ज्याला पाश्चात्त्य ज्योतिषी मीन राशीतील 'झीटा' म्हणतात, तेथून मोजायचे. हा झाला रैवतपक्ष. दुसरा चित्रापक्ष. त्याचे म्हणणे, चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर, आरंभबिंदू धरावा. या पक्षाचे बिनीचे गणिती व्यंकटेश बापूजी केतकर. केतकर पेशाने शाळामास्तर. शाळा सांभाळून त्यांनी 'ज्योतिर्गणितम्' सारखा ग्रंथ संस्कृतात सिद्ध केला. 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा अजोड इतिहास १८९६ साली देणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही शिक्षण खात्यातलेच. त्यांचा कौल तिसरा होता. वसंतसंपातापासूनच मोजा, म्हणजे सण ऋतूंशी बांधलेले राहतील, असे म्हणून विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांग चालवले. ते लोकांत रुजले नाही.

रैवत आणि चित्रा, दोन्ही पक्षांना आधार एकाच ग्रंथाचा आहे, ही यातली गंमत. सूर्यसिद्धान्तात ताऱ्यांचे जे अंश दिले आहेत त्यांत रेवती ३५९ अंश ५० कला, म्हणजे जवळजवळ आरंभबिंदूवरच. आणि चित्रा बरोबर १८० अंशांवर. दोन्ही खरे असते तर वाद उद्भवताच ना. पण आकाशात या दोन ताऱ्यांमधील क्रांतिवृत्तावरचे अंतर १८० नव्हे, जवळजवळ १८४ अंश आहे. ते जास्तीचे चार अंश म्हणजेच दोन पंचांगांमधले चार अंश! जुन्या वेधांत राहून गेलेली एक लहानशी तफावत आज दोन गणेशोत्सवांच्या रूपाने समोर येते.

मग तोल कोणाकडे झुकतो? चित्रा ठसठशीत, पहिल्या प्रतीचा तारा आहे. नवखा मुलगाही तो शोधू शकतो. रेवतीचा तारा पाचव्या प्रतीचा, गावाबाहेरच्या अंधारातही जेमतेम दिसणारा. वेध घेणाऱ्याने आपला सगळा हिशेब अशा मिणमिणत्या ताऱ्यावर बांधला असेल, हे पटायला जड जाते. पण आमच्या मते खरे निर्णायक कारण वेगळे आहे, आणि ते ग्रहलाघवातच दडलेले आहे.

ग्रहलाघवाचा अयनांश काढण्याचा नियम तोंडपाठ होण्याजोगा आहे. शकवर्षातून ४४४ वजा करा, येतील तितक्या कला. साठाने भागले की अंश. सांगली संमेलनाच्या सुमाराचा शक १८४२ घेऊ. १८४२ उणे ४४४ म्हणजे १३९८ कला, म्हणजेच २३ अंश १८ कला. आधुनिक गणिताने त्याच वर्षीचा चित्रापक्षाचा अयनांश साधारण २२ अंश ४५ कला येतो आणि रैवतपक्षाचा १८ अंश ४६ कला. चारशे वर्षे लोक ज्या पंचांगावर सण करत आले त्याच्यापासून चित्रापक्ष अर्ध्या अंशावर, तर रैवतपक्ष साडेचार अंशांवर पडतो.

हे कसे झाले? संपात दरवर्षी सव्वापन्नास विकलाच सरकतो. गणेश दैवज्ञ साठ विकला का धरतात? कारण सिद्धान्तांचे वर्षच थोडे लांब आहे. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचे, ताऱ्यांच्या संदर्भात सूर्याची खरी फेरी ३६५.२५६३६३ दिवसांची. फरक वर्षाला साडेतीन मिनिटांचा. तेवढ्यात सूर्य साडेआठ विकला पुढे जातो. सव्वापन्नास आणि साडेआठ मिळून जवळजवळ एकोणसाठ विकला. म्हणजे सिद्धान्ताचा आरंभबिंदू ताऱ्यांना चिकटून राहिलेलाच नव्हता. तो वर्षाला साडेआठ विकला या गतीने पुढे घसरत होता. चौदाशे वर्षांत ही घसरण सव्वातीन अंशांवर गेली. प्रारंभी तो रेवतीच्या ताऱ्याजवळ असला, तरी विसाव्या शतकापर्यंत चालत चालत चित्रेच्या समोरच्या बिंदूलाही ओलांडून थोडा पुढे आला होता. रैवतपक्ष मूळ घर दाखवत होता. चित्रापक्ष लोक प्रत्यक्षात जेथे राहत होते ते घर. सामान्य कुटुंबाला संक्रांत अर्ध्या दिवसाने हलवणे परवडते. चार दिवसांनी हलवणे आणि अधूनमधून सणांचा महिनाच बदलणे परवडत नाही.

या परिषदांच्या प्रयत्नांतून रैवतपक्षाचे शुद्ध पंचांग पुढे आले आणि टिळक पंचांग म्हणून टिकून राहिले. कोकणपट्टीत आणि इतरत्र काही घराणी ते आजही निष्ठेने पाळतात. बाकी महाराष्ट्र चित्रापक्षाकडे गेला. भारत सरकारने १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्यात पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी ही मराठी नावे होती. समितीने धार्मिक पंचांगासाठी २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला ठरवला, म्हणजे चित्रापक्षाला अनुकूल. सरकारी कामकाजाचे राष्ट्रीय पंचांग मात्र सायन ठेवले; त्याचा १ चैत्र १८७९ हा दिवस २२ मार्च १९५७ रोजी उजाडला. दीक्षित-लेले-मोडकांचा पराभूत पक्ष असा मागल्या दाराने आत आला. आकाशवाणीच्या पहाटेच्या निवेदनात 'भारतीय सौर' म्हणून तो आपण ऐकत आलो.

एका गैरसमजाचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण तो पाठ्यपुस्तकांतूनही डोकावतो. मकर संक्रांतीला उत्तरायण सुरू होते, असे शिकवले जाते. उत्तरायण ही सायन घटना आहे. सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचून परत फिरतो तो २१-२२ डिसेंबरला. निरयन मकर संक्रांत आणि उत्तरायण एकत्र पडत, त्याला चित्रापक्षाने सतराशेहून अधिक आणि रैवतपक्षाने चौदाशेहून अधिक वर्षे झाली. त्यानंतर संक्रांत दर ७२ वर्षांना एक दिवस या वेगाने पुढे सरकत आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा. ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. आणखी शंभर वर्षे मागे गेले, तर १७६१ ची संक्रांत दहा-अकरा जानेवारीला येते. पानिपतची लढाई १४ जानेवारीची. 'पानिपतावर संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार म्हणून ठीक आहे. रणांगणावर ती येऊन तीन-चार दिवस उलटले होते. आणखी हजार वर्षांनी मकर संक्रांत जानेवारीच्या अखेरीस येईल, दोन्ही पंचांगांची.

उत्तरायण केव्हा सुरू झाले हे पाहायला पंचांग लागत नाही, काठी पुरते. शाळेच्या मैदानावर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि मध्यान्हीची, म्हणजे दिवसातली सर्वांत आखूड, सावली मोजावी. सांगलीत मध्यान्ह डिसेंबरअखेर साडेबाराच्या आणि जानेवारीच्या मध्यास बारा चाळीसच्या सुमारास होते. सांगलीचे अक्षांश १६ अंश ५१ कला धरले, तर २२ डिसेंबरला सावली ८५ सेंटिमीटर भरेल. टिळक पंचांगाच्या संक्रांतीला, १० जानेवारीला, ती साडेऐंशी झालेली असेल आणि १४ जानेवारीला ७९. साताऱ्यात सारे आकडे दोन-अडीच सेंटिमीटरने जास्त येतील, कारण गाव थोडे उत्तरेला आहे. पहिल्या आठवड्यात फरक मिलिमीटरांचाच पडतो. मुलांनी धीर सोडू नये. काठीच्या टोकाची सावली पुसट पडते, तेथे छिद्र पाडलेला पत्र्याचा तुकडा बसवला आणि प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरला की मोजणी नेटकी होते.

सावली अजिबात पडत नाही असेही दोन दिवस या दोन्ही गावांना येतात. सांगलीला मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, साताऱ्याला त्यानंतर तीन-चार दिवसांनी, आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि ऑगस्टमध्ये ढग सूर्य दिसू देत नाहीत. तेव्हा वर्गाबरोबर करायचे मोजमाप डिसेंबर-जानेवारीतच उरकावे.